भिंतीपलीकडची ठाप परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
नोंदणी कार्यालय,
वरचा मजला, कोपऱ्यातील गार खोली.

अर्जदार : पाळणाघराच्या ताई, तळमजला, आवक-जावक विभागाच्या पाठीमागे.

विषय : शिक्केवाल्या काकांना रोज जेवणाच्या सुट्टीआधी थोडा वेळ त्यांच्या जुन्या टेबलावर शिक्के मारण्यास परत बसवणेबाबत.

संदर्भ : (१) कार्यालय कागदमुक्त करण्याचा आपला आदेश.
(२) अर्जदाराच्या पहिल्या अर्जास आलेले आपले उत्तर, ज्यावर शिक्का नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही याच कार्यालयातील कर्मचाऱ्यांची लहान मुले दिवसभर सांभाळते. पाळणाघर आणि आवक-जावक विभाग यांच्यामध्ये कागदोपत्री भिंत आहे. प्रत्यक्षात ते प्लायवूड आहे. पलीकडे कोणी शिंकले तर अलीकडचे बाळ दचकते. या प्लायवूडला टेबल लावून शिक्केवाले काका वर्षानुवर्षे बसत आणि आलेल्या प्रत्येक कागदावर 'प्राप्त' असा शिक्का मारत. आधी शिक्का शाईच्या पॅडवर, म्हणजे टप. मग कागदावर, म्हणजे ठाप. टप, ठाप. टप, ठाप. एवढेच संगीत पाळणाघराला होते आणि त्यावर पाळणाघराचे उत्तम चालले होते.

२. मुलांच्या हालचाली व खेळ यांविषयीची पुस्तके आपण मध्यंतरी पाठवली होती, ती पोचली. मुलांनी ती मन लावून हाताळली, काहींनी चावलीही. परंतु महोदय, ताल पुस्तकातून येत नाही. तो आधी अंगात येतो आणि मग डोक्यात जातो, निदान या वयात तरी. टप झाले की पाय उचलायचा आणि ठाप झाले की ठेवायचा, हे मुलांना अर्जदाराने शिकवलेले नाही. बटण नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाने एकदा केले, बाकीच्यांनी री ओढली. आठवड्याच्या सुरुवातीला कागदांचा ढीग मोठा असे तेव्हा पाळणाघरात नुसती धावपळ. काका चहाला उठले की सगळी पलटण खाली बसे. जाड लिफाफ्यावर काका दोन शिक्के मारत, तेव्हा दोन उड्या. अर्जदाराने आयुष्यात इतकी शिस्त पाहिली नव्हती, आणि तीही कोणाला न ओरडता!

३. आता मुख्य मुद्दा, म्हणजे ठकी. ठकी ही आपल्या टंकलेखिका बाईंची मुलगी. तिच्या वयाची मुले केव्हाच धावायला लागली. ठकी भिंतीला हात लावून उभी राहायची आणि तिथेच राहायची. डॉक्टरांनी पाय तपासले, पाय ठणठणीत आहेत. "तिचं मन धजत नाहीये, वाट बघा," असे ते म्हणाले. वाट बघायला त्यांचे काय जाते!

ठकीचा हात प्लायवूडवर असे, आणि काकांचा शिक्का पडला की प्लायवूड थरथरे. ती थरथर तिच्या तळव्यातून थेट पायात उतरायची. टप झाले की ठकी पाय उचलायची. ठाप झाले की ठेवायची. भिंतीच्या कडेकडेने ती पार कपाटापर्यंत जाऊ लागली होती. एकदा तर तिने हात भिंतीपासून सुटा केला आणि हवेत तसाच धरून ठेवला. तेवढ्यात काकांचा फोन वाजला आणि शिक्के थांबले. असो.

४. त्यानंतर आपला आदेश आला. कार्यालय कागदमुक्त झाले, काकांना वरच्या मजल्यावर संगणकासमोर बसवण्यात आले आणि भिंत मुकी झाली. आदेश चांगलाच असणार, मोठ्या लोकांनी काढला आहे. परंतु त्याची अंमलबजावणी झाली त्या सकाळी मुले एक पाय उचलून उभी राहिली ती उभीच राहिली. पाय ठेवायचा केव्हा हे कोणी सांगेना. शेवटी एकेक करून सगळी बदाबदा पडली. ठकीने भिंतीवर थापट्या मारल्या, भिंतीला कान लावला आणि मग खाली बसली. त्या दिवसापासून ती उभी राहिलेली नाही. टंकलेखिका बाई संध्याकाळी तिला न्यायला येत तेव्हा दारातूनच विचारत, "आज?" हल्ली त्या विचारत नाहीत. उचलून कडेवर घेतात आणि जातात. अर्जदाराला याचे फार वाईट वाटते, आणि हे लिहिताना अधिकच वाटत आहे.

५. अर्जदार हातावर हात ठेवून बसलेली नाही, हे नोंदवून घ्यावे. ढोलकी आणली. ढोलकीत नुसतीच ठाप. पाय उचलायची सूचना आधी मिळत नाही, त्यामुळे मुले एकमेकांवर आदळली. मोबाईलवर गाणी लावली, तर मुले आ वासून मोबाईलकडेच बघत बसली. काकांच्या टेबलावर जाऊन अर्जदाराने स्वतः लाकडी ठोकळा आपटून पाहिला, तर भिंतीच्या अलीकडे मुलांना धरायला कोणी उरले नाही, आणि बटण खिडकीच्या गजात अडकला. (काढला आहे.) शिवाय अर्जदाराच्या हाताला तो ठेका नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे कोणी म्हणेल. पण काकांचा हात तो काकांचा हात.

६. काकांची स्थितीही आपल्या निदर्शनास आणून देणे भाग आहे. ते जेवणाच्या सुट्टीत पाळणाघराच्या दारात येऊन बसतात. "ताई, तिथं वर नुसतं बोट दाबायचं. आवाज नाही, काही नाही. काम झालं की नाही तेच कळत नाही हो," असे त्यांनी दोनदा बोलून दाखवले. दोन कीबोर्ड मोडल्याबद्दल आपण त्यांना लेखी समज दिल्याचे कळते. त्यांनी ते मोडलेले नाहीत, महोदय. त्यांनी त्यांवर शिक्के मारले. सवय मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि ही सवय जाऊ नये अशी पाळणाघराची इच्छा आहे.

७. हा मुद्दा खरे तर दुसऱ्या परिच्छेदात यायला हवा होता. आपण मागे पाहणीला पाळणाघरात आला होता. हात मागे बांधून, चेहरा गंभीर ठेवून आपण उभे होता आणि पलीकडे शिक्के चालू होते. तेव्हा आपला उजवा बूट 'टप'ला वर उठत होता आणि 'ठाप'ला टेकत होता. अर्जदार जमिनीवर बसलेली असल्याने तिला बूटच दिसत होते. ही बाब अर्जदार आजवर कोणाजवळ बोललेली नाही, आणि बोलण्याची वेळ येणार नाही अशी तिला खात्री आहे.

८. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर आपण कळवले की, "कागद नसताना शिक्का मारणे नियमबाह्य आहे. कागद असल्यास रीतसर सादर करावेत, त्यांवर नियमानुसार प्राप्तीचा शिक्का मारून देण्यात येईल." उत्तर वाचून अर्जदार आधी चिडली. रात्रभर विचार केल्यावर तिचा राग गेला, कारण आपण मार्गच दाखवला आहे.

त्यानुसार पाळणाघरातील प्रत्येक मुलाने आपला स्वतंत्र अर्ज स्वतःच्या हाताने तयार केला आहे. रंगीत खडूने केला असला तरी तो अर्जच आहे. बटणच्या अर्जाचा विषय ट्रक किंवा आजी असा आहे. विचारले असता "दोन्ही" असे उत्तर मिळाले. जुळ्या बहिणींनी एकाच कागदासाठी भांडून तो फाडला, म्हणून त्यांचे अर्ज अर्धे-अर्धे स्वीकारावेत. सर्वांत धाकट्याने आपला अर्ज थोडा खाल्ला, उरलेला दाखल होत आहे. मुले रोज नवे अर्ज करतील. त्यांच्याकडे मागण्यांची वानवा नाही. हाताने आणून दिलेल्या कागदावर शिक्का आणणाऱ्यासमोर मारावा लागतो, हा आपलाच नियम आहे. आणि कार्यालयातला शिक्का फक्त काकांच्या ताब्यात आहे, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता.

९. तरी काकांना उद्यापासून जेवणाच्या सुट्टीआधी जुन्या टेबलावर बसण्याची लेखी परवानगी द्यावी. शाईचे पॅड वाळले आहे, ते ओले करून ठेवावे. टेबल प्लायवूडला घट्ट टेकलेले असावे, मध्ये फट नको. साहेबांनाही त्या वेळी खाली काही काम निघाले तर पाळणाघराची हरकत नाही.

कळावे, लोभ नव्हे, शिक्का असावा.

आपली नम्र, आणि भिंतीला कान लावून बसलेली,
पाळणाघराच्या ताई

दिनांक : (जागा रिकामी ठेवली आहे. आपल्या शिक्क्याने भरावी.)

सोबत :
(१) मुलांचे अर्ज, खाल्लेल्यासह.
(२) बटणचा दुसरा अर्ज. पहिला त्याला आवडला नाही.
(३) ठकीचा अर्ज सोबत जोडलेला नाही. त्यावर एकच रेघ आहे, पण ती तिने खूप वेळ काढली. तो ती स्वतः घेऊन येणार आहे. पाळणाघराच्या दारापासून प्लायवूडच्या कडेकडेने हात लावून तिला येता येईल. भिंत संपते तिथून वळून काकांच्या टेबलासमोर येईपर्यंत मात्र धरायला काहीच नाही, तेवढे तिला हात सोडूनच यावे लागेल. त्या वेळी कोणी तिला उचलू नये, हाक मारू नये आणि काकांचा फोन बंद असावा. टंकलेखिका बाईंना काही तरी निमित्ताने खाली पाठवावे, कशासाठी ते सांगू नये. बाकी काकांनी फक्त शिक्के मारत राहावे. ती निघेल.