एकोणतीस गेरासिमोस हरवले त्याची हकीकत

तीर्थस्वरूप पानागीदादांस,
गेरासिमोसचा साष्टांग नमस्कार. मेलबर्नच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? इथे बेटावर आम्ही सगळे ठीक. म्हणजे सगळे नाही, एकोणतीस जण हरवले आहेत आणि ते मी हरवले.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी मी सहा वर्षं टाइप करतोय, हे तुम्हाला माहीतच आहे (असायला हवं). एक्केचाळीस माणसं, सगळी एकाच लांबलचक फाइलमध्ये. जत्रेला प्रत्येक घरी आपापल्या माणसाचा कागद द्यायचा ठरलं. आमची सून पोलिक्सेनी फोनवर म्हणाली, "बाबा, हाताने कापत कशाला बसताय? मी प्रोग्रॅम पाठवते. नवीन नाव दिसलं की तिथे तो कापेल आणि त्या तुकड्याला तेच नाव देईल. फक्त दोघांचं नाव एकच नाही ना?" मी म्हटलं, "छे गं, आपल्याकडे तुतारी एकच, बोकड एकच, पावणेदोनही एकच." गावात टोपणनावाशिवाय कोण कुणाला हाक मारतं? पण छापील कागदावर 'बोकड' बरं दिसेना, म्हणून मीच सगळ्यांची बाप्तिस्म्याची नावं वर घातली होती, ते साफ विसरलो. (आडनाव अख्ख्या गावाचं एकच, म्हणून घातलंच नाही.)

एक्केचाळीस आत गेले, बारा बाहेर आले. उरलेले मागून येत असतील म्हणून मी जेवून घेतलं. मग पोलिक्सेनीने समजावलं की दुसरा गेरासिमोस आला की पहिल्याला उठवून त्याच्या जागी बसतो, तिसरा दुसऱ्याला. मला अजून नीट कळलेलं नाही. गेरासिमोस हे आपल्या बेटाच्या संताचं नाव, ते घरोघर ठेवतात, त्याला मी काय करू? मूळ फाइल तर कापून झाल्यावर कशाला हवी म्हणून पुसून टाकली. शेवटी बसला तेवढा वाचला, आणि शेवटची आठवण माझी स्वतःची होती. तीस गेरासिमोसांतून नेमका मीच उरलो, हा योगायोग गावात कोणाला पटेल?

बाकीचे पुन्हा सांगतील (थांबवणंच कठीण). पण तुतारी, तोही गेरासिमोसच, मार्चमध्ये गेला. त्याची बायको आरेती रोज दारात येऊन विचारते, "झाला का हो त्याचा कागद?" दादा, मला तिच्याकडे बघवत नाही.

आपला,
गेरासिमोस

ता. क. : तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला तोवरची फाइल पाठवली होती आणि "सवडीने वाचतो" असं तुमचं उत्तर आलं होतं. ती वाचू नका, तशीच परत पाठवा. तुतारी तिच्यात आहे.

दुसरा ता. क. : आरेती आत्ता आली. खरं सांगायचा धीर झाला नाही. वर नाव गेरासिमोसच, म्हणून माझाच कागद तिच्या हातात दिला. डोळे पुसत म्हणाली, "अगदी अस्साच बोलायचा." आणि मग, "पण ही पिरेअसची फोतिनी कोण?" बिचाऱ्या तुतारीने जन्मात बेट सोडलं नव्हतं. माझ्या बायकोने आरेतीला कॉफीला बसवलंय, आणि आता चष्मा लावून दोघी पहिल्यापासून वाचताहेत. फाइल आजच पाठवा.