परसातल्या बोडीतले मासे

पोंभुर्णा, जि. चांदा
ता. १२ एप्रिल १९५५

चि. सौ. रंभा हिस सोमाजीचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम, तिकडचे कळवावे. ऊन असे की छपराचे कवेलू हाताला भाजतात. परसातल्या बोडीत घोट्याएवढे पाणी उरले आहे. बाबांनी स्वतः खणलेले एवढेसे तळे ते, आई रोज कोंडा टाकते, आणि मासे चिखलात तोंड वर काढून पडलेले. तिला बघवत नाही. तुमच्या शेतातल्या बोडीला पाणी आहे, तेव्हा जावईबापूंना गाडी घेऊन पाठव. पावसाळा लागला की मासे परत आणीन.

आईला मात्र याबद्दल काही लिहू नकोस. लेकीच्या सासरी भार घालायचा म्हटले की तिला लाज वाटते. या मासे-पाहुण्यांना तळून खाऊ नकोस म्हणजे झाले!

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझा भाऊ, सोमाजी

मूल
ता. २५ एप्रिल १९५५

ती. स्व. सोमाजीभाऊस रंभाचा शि. सा. न.

वि. वि. पाहुणे पोहोचले. यांनी पितळी गुंडांत मासे भरून, वर ओली पोती टाकून, वाटेतल्या विहिरींचे पाणी घालत आणले. रोहू बरेच दगावले, मरळ मात्र जगले. मामंजी आधी कुरकुरले, आता स्वतःच शिते टाकायला जातात. सासूबाई कोंडा राखून ठेवतात.

एक गोष्ट मनातून जात नाही. आई यांच्याशी बोललीच नाही. भिंतीकडे तोंड करून बसली होती म्हणे, जावयाला चहासुद्धा विचारला नाही. तिची तब्येत बरी आहे ना? तू बजावलेस म्हणून तिला लिहिले नाही, पण जीवाला चैन नाही. पाऊस आला की कळव, मासे पाठवते.

लहान बहिणीवर माया असू दे.
रंभा

पोंभुर्णा
ता. ३ जून १९५५

चि. सौ. रंभाले आईचा आशीर्वाद.

मास्तरीणबाई लिहून राह्यल्या, बोल माहे हायेत. मासे बरे हायेत का? सोमानं तुही चिठ्ठी वाचून दावली. सासू टोचून बोलते, माहेराहून काई आलं नाई म्हणते, बोडीत सोडाले मासे पायजेत, असं तू लिवलं म्हणे. मले लय वाईट वाटलं.

सोमा पंच झाला तवापासून बोडी बुजवाच्या मागं होता. त्याले तिथं पंचाईत बसवाले बैठक बांधाची होती. मी सांगतलं होतं, मासे हायेत तोवर माती पडू देणार नाई. जित्या जीवावर माती टाकाची त्याचीबी हिंमत नोयती. पन लेकीनं मांगतलं, तिले नाई कसं म्हणू? गाडी गेली अन् दुसऱ्याच दिवशी मुरूम आला.

जावई आले तवा डोये भरले होते, म्हणून तोंड फिरवलं. त्याईले राग नको धरू म्हणा. पन रंभे, मासे गेले म्हंजे बोडी गेली, हे तुले मालूम होतं, असं सोमा म्हणे. मालूम असून मांगतले, एवढंच मनाले लागलं.

लेकराईले संभाळ. मले इसरू नको.
तुही आई

मूल
ता. ११ जून १९५५

सोमाजीभाऊ,

मायना लिहायला हात धजला नाही. आईची चिठ्ठी आली. माझी म्हणून तू तिला जी वाचून दाखवलीस, तिच्यातला एक शब्दही माझा नव्हता. सासूबाईंनाही उगाच बदनाम केलेस. आईने तुला नाही म्हटले, म्हणून मला पुढे केलेस. आमच्याच गाडीने बोडी रिकामी करवून घेतलीस आणि मी वेडी, मरळ जगले म्हणून तुला कौतुकाने कळवत बसले! बैठक हवी होती तर आईशी भांडायचे होतेस. मीही येऊन भांडले असते, पण समोरासमोर. सख्ख्या भावाने फसवले हे मला अजून खरे वाटत नाही.

आईला सगळे लिहायला बसले होते. मग वाटले, तिला राहायचे तुझ्याच घरात, जेवायचे तुझ्याच चुलीवरचे. पोराने काय केले हे कळले तर तिला घास गिळवणार नाही. म्हणून लिहिले, होय, मासे मीच मागितले, चुकले, माफ कर. तुझ्या वाट्याचा राग मी घेतला आहे.

दिवाळीला मला न्यायला येऊ नकोस. आई विचारेल, रंभा काऊन आली नाई. काय सांगायचे ते तूच ठरव. माझ्या नावाने बोलायची तुला आता सवय झाली आहे.

रंभा