पंगतीबाहेरचा शिपाई

१२ जानेवारी, सकाळी ११
युद्धाचा आणखी एक सिनेमा पाहिला. आठवड्यातला चौथा. स्वतःच्याच पलटणीत वेगळा बसवलेला शिपाई पाहून डोळे भरून आले. अन्यायाची मला पहिल्यापासूनच चीड. असा सिनेमा आपणच काढायचा आणि बारामतीच्या लघुपट स्पर्धेत पहिला नंबर आणायचा. उद्यापासून लेखन.

१३ जानेवारी
पाठ धरली. लेखन सोमवारपासून.

२० जानेवारी
लेखनाची गरजच उरली नाही. गोष्ट आमच्या सांगवीतच सापडली. गेणू साळवे, रिटायर्ड हवालदार. त्याचा आजा मोठ्या लढाईत आफ्रिकेत होता. गोळ्या सगळ्यांबरोबर खाल्ल्या, पण जात आडवी आली आणि जेवण मात्र वेगळं. गेणू म्हणाला, आज्याचं कुणी कधी सांगितलंच न्हाय, तेवढं नीट दाखवा. शब्द दिला. आज्याचं काम मीच करतो, असंही म्हणाला. पण हीरो कसा हीरोसारखा दिसायला पाहिजे. भाचा राजवर्धन जिमला जातो, तोच हीरो. गेणूला मागच्या रांगेत घेतलं, वर कवायत शिकवायचा मान दिला.

२ फेब्रुवारी
राजवर्धनला डावा-उजवा कळत नाही. सगळी पलटण गेणूकडे बघूनच चालते. लग्नाचं शूटिंग करणारा गोकुळ कॅमेऱ्यावर आहे. म्हणाला, सर, कॅमेरा बी तिकडंच जातोय. दुर्लक्ष केलं.

८ फेब्रुवारी, दुपारी
थकलो. सुभेदाराचं काम करणारे मास्तर आलेच नाहीत, शेवटी तो ड्रेस मीच चढवला. एकच्या सुमारास जेवणाची सुट्टी. पलटणीची पंगत आमच्या ओसरीवर. गेणूचं पान गोठ्याजवळ, चिंचेखाली. माझ्या मनात काही नाही, पण आईचं वय झालंय, तिला कशाला त्रास. शिवाय तिथं सावली. गेणू जाऊन बसला, म्हणजे हरकत नसावी. बायकोनं, वृषालीनं, तेवढं विचारलं, सुट्टी झालीय का सीन चालू हाय? भाबडी आहे. गोकुळनं कॅमेरा बंदच केला नव्हता. निष्काळजी माणूस.

१० फेब्रुवारी
गेणू येईना. निरोप धाडला तर म्हणे, माझं काम झालं. गोकुळही फोन उचलत नाही. कलाकार लोक लहरीच.

१ मार्च
माझा सिनेमा अपुराच राहिला. स्पर्धेला नुसता बघायला गेलो. पहिला नंबर, गोकुळ आणि गेणू साळवे. चार मिनिटांचा एकच शॉट. सुभेदार ओसरीवरून हातानं दाखवतो, तिकडं बस. शिपाई जातो, चिंचेखाली बसतो, मान खाली घालून जेवतो, स्वतःचं पान स्वतः उचलतो. शेवटी आज्याचं नाव. मग मला स्टेजवर बोलावलं. खलनायकाच्या सहज अभिनयासाठी प्रमाणपत्र.

२ मार्च, सकाळी साडेसात
झोप नाही. लाज वाटतेय. गेणूरावांना फोन लावला. आज रात्री घरी जेवायला या म्हटलं, आत, माझ्या शेजारी.
जेवलोय तुमच्याकडं, म्हणाले.