डोक्याबाहेरचा ठिपका

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे अर्धाच, उरलेला मनाने पुरा केला आहे असं धरा). तुमचा खोकला आणि वहिनींची कंबर दोन्ही आटोक्यात असावीत.

ज्या टेबलावर हे लिहितो आहे ते टेबल, घरातली दोन्ही कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या, तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनचं झाकण आणि कुठेही उभी केली तरी न डगमगणारी शिडी, हे सगळं मी याच हातांनी केलं, कोणाकडेही शिकायला न जाता. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून मी तुमच्या नजरेतून उतरणार आहे. निदान उंचावरून उतरावं.

आजार हाडात गेलेला नाही, हे हिने तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. पण मग आदल्या दिवशी मी ‘गेलाय’ असं का सांगितलं, ते ‘तुम्हीच लिहा’ म्हणून तिने मला बसवलं आहे. ही शिक्षा आहे.

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हिची मान आखडली होती. विकतच्या उशा एक तर फुगतात, नाही तर बसतात. म्हणून मी सागवानी मानटेकण केलं (नावही मीच ठेवलं). तिच्या मानेचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घेतला, लाकडावर फोम, वर रेक्झिन, दुहेरी टाका. त्यावर ही टोमणा न मारता झोपली. पुढे गळ्यात उरलासुरला रोग जाळायला तिला किरणोत्सर्गी आयोडीन देऊन वेगळ्या खोलीत ठेवलं, तेव्हा मानटेकणही सोबत गेलं. निघताना दारावर सूचना होती: वापरलेले कपडे, टॉवेल, उशी इथेच ठेवा. मी ती नीट वाचली. मानटेकण ही उशी नव्हे. उशीला निश्चित आकार नसतो. म्हणून ते मी घरी आणलं. (माझ्या या युक्तिवादात मला एकही भोक दिसलं नाही. रेक्झिनला मात्र प्रत्येक टाक्याचं होतं.) झोपेत लाळ गळते, लाळेतून ते औषध बाहेर पडतं आणि टाक्यांतून फोममध्ये मुरतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

काही दिवसांनी सगळ्या अंगाचा स्कॅन होता. जिथे रोग उरला असेल तिथे औषध साचतं आणि चित्रात ठिपका उमटतो. स्कॅनच्या टेबलावरची डोकं टेकायची खोबण एका बाजूला कललेली होती. मी ते स्कॅन काढणाऱ्या बाईंच्या नजरेस आणलं आणि आपलं मानटेकण पुढे केलं. त्या नको म्हणाल्या. मी मापं सांगितली. शेवटी बाहेरची माणसं कुरकुरू लागली, तशी त्यांनी ते टेबलावर ठेवून वर चादर टाकली.

चित्रात डोक्याच्या मागे ठिपका. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, दादा. कवटीच्या हाडात शिरलं असावं, म्हणाले. उद्या पुन्हा बघू, मग कदाचित मोठा डोस. मी तुम्हाला फोन केला तो जिन्यातून. रडलो नव्हतो, जिन्यात आवाज घुमतो. (बरं, रडलो.)

घरी आल्यावर ही मला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते शिकवायला लागली. त्या मशीनची मोटर मी स्वतः बदललेली आहे. तरी मुकाट ऐकत राहिलो. तिने विचारलं, “कळलं का?” मी नाही म्हणालो. मला ते कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल, पुन्हा माझा हट्ट, पुन्हा तोच ठिपका. या वेळी बाईंनी बाजूनेही चित्र काढलं. ठिपका डोक्याच्या बाहेर, बोटभर खाली. त्यांनी हिला उतरवलं, मानटेकण तसंच ठेवून टेबल यंत्राखाली सरकवलं आणि मला पडद्यापाशी बोलावलं.

“काका, काकू उठल्या. ठिपका अजून झोपलाय.”

मी निरखून पाहिलं. धूसर होता, पण बाक ओळखीचा होता. मीच पुठ्ठ्यावर उतरवलेला.

डॉक्टर रागावले नाहीत. उपचारानंतर असे फसवे ठिपके येतात, म्हणाले, रुमालाने, केसांनी, घामानेसुद्धा. पण त्या खोलीतून पळवलेलं फर्निचर पहिल्यांदाच पाहिलं. ही म्हणाली, “डोकं माझं, पण आजारी यांचं सुतारकाम.” सगळे हसले. मीही हसलो, जरा मागे उभा राहून. बाई नको म्हणाल्या तेव्हा ‘का’ एवढं जरी विचारलं असतं, तरी हिची ती वॉशिंग मशीनची संध्याकाळ टळली असती.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्र खरं तर यासाठी: पुढच्या स्कॅनला तिच्याबरोबर तुम्ही आत जावं, अशी तिची अट आहे. मी बाहेर बाकावर बसेन. (बाक पाहून ठेवला आहे. त्याचा एक पाय आखूड आहे. मी काही बोलणार नाही.)

आणखी ता. क. मानटेकण सध्या किरण विझेपर्यंत हॉस्पिटलच्या जाड दाराआड आहे. तिथल्या विभागप्रमुखांचा निरोप आला: विझल्यावरही आमच्याकडेच राहू द्या, शिकणाऱ्यांना दाखवू, खाली तुमचं नाव लिहू, वर पैसेही देऊ. माझ्या कामाखाली माझं नाव आजवर कोणी लिहिलेलं नाही. पण परवा ही दोन उशा एकावर एक रचून मान चोळत म्हणाली, “माझं टेकण कधी सुटणार हो?” मी त्यांना नाही म्हणून कळवलं. पाच हजार देत होते.