पेटीतली एक काळी गोटी

वसतिगृह, खोली २१४
१२ ऑक्टोबर १९६३

प्रिय रॉइस,

दोन गल्ल्यांपलीकडे राहतोस तू, आणि मला पत्र लिहावं लागतंय. हे तिसरं. पहिली दोन रागात वेडीवाकडी झाली, म्हणून फाडली.

तुमच्या फ्रॅटर्निटीत, या पोरांच्या बंधुमंडळात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी उमेदवार म्हणून येणं म्हणजे धाकट्यांच्या पंगतीला बसणं, हे मला ठाऊक होतं. तुमचा अध्यक्ष टकर पहिल्याच दिवशी ओरडला, "या आजोबा, काठी कोपऱ्यात ठेवा!" मीही हसलो. पण जो तो तेच विचारायचा, "गेल्या वर्षी का नाही आलास रे? कुणी घेतलं नाही वाटतं?" वडिलांचा पाय मोडला होता, दर शुक्रवारी गायींच्या धारा काढायला मी घरी पळायचो, हे किती जणांना सांगायचं? तरी सांगितलं. तुम्हा पंचवीस सभासद 'भावां'ची पूर्ण नावं, गावं पाठ केली. श्चेपान्स्की तर म्हणाला, "माझं आडनाव धड लिहिणारा तूच पहिला! माझ्या मामालाही जमत नाही."

आणि गेल्या रविवारी माझ्यावरच्या मतदानात पेटीतून चोवीस पांढऱ्या गोट्या निघाल्या आणि एक काळी. एक काळी म्हणजे माणूस बाहेर. टकरनं नियम शोधून काढून आठवड्यानं पुन्हा मतदान ठेवलं, पण बजावलं, "कुणाची ते विचारायचं नाही. आणि पुन्हा काळी आली तर कायमचं विसर."

सोमवारी जेवणघरात तू माझ्या ताटाशेजारी उभा राहिलास. "सोडून दे ना ऑरिन, शोभत नाही तुला हे." बसलासुद्धा नाहीस. काळी गोटी कुणाची ते तेव्हाच कळलं. का, ते कळेना. चिडचिड होऊन अभ्याससुद्धा सुटला माझा.

आज उमगलं. गेल्या वर्षी तुझी उमेदवारी चालू असताना तू माझ्या खोलीवर येऊन ढसाढसा रडायचास, "मला घरी पोचव" म्हणायचास. ते पाहणारा मी एकटाच. रॉइस, मी ते आईलाही सांगितलेलं नाही, आणि उद्या आत आलो काय, बाहेर राहिलो काय, कुणालाच सांगणार नाही. एवढंच कळवायला हे पत्र. उद्या चार वाजता पेटी फिरेल. मी नको असेन तर खुशाल काळी टाक. पण मला घाबरून टाकू नकोस.

अजून तरी तुझाच,
ऑरिन