ताश्कंदचा दसरा

शेलूबाजार, डिसेंबर १९३७

कमली,

मागच्या बाजारात तू इचारलं, "जानराव, माहा भाऊ कवा येते?" मी म्हणालो, "शिकणं झालं की येईल." ते खोटं होतं.

मी नागपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडलं, तुह्या हेमलानं कापसाच्या जिनातलं काम सोडलं, अन् कम्युनिस्ट पक्षानं आमाले रशियाच्या मुलखात, ताश्कंदले धाडलं. तिथं देशोदेशीचे मजूर यंत्रं चालवणं शिकत. बाहेरचे मंत्री आले की दोस्ती दाखवायले आमाले पुढं उभं करत.

दसऱ्याले मंगोलियाचे मंत्री येणार होते. आपल्या जिनात करतात तशी हेमलानं सकाळीच यंत्राची पूजा केली. नारळ नव्हता, तर कोबीचा गड्डा फोडला. "हासतं काहून बे? देवाले चालते," म्हणाला. त्यानं बांधलेला लाल धागा चाकात गुंतला अन् मंत्र्यांसमोरच यंत्र बंद पडलं. कारखान्याच्या मुख्यानं त्याले घातपाती ठरवलं. मी त्या मुख्याची गचांडी धरली, तर मले देशाबाहेर हाकललं. त्याआधीच हेमलाले गोळी घातली होती.

भाऊ आल्याबिगर लगन करणार नाही, असं तू बापाले सांगितलं आहे. हे पत्र तुले भेटलं, तर सुतक फिटल्यावर बाप तुले त्यानं पाहून ठेवलेल्या मानोऱ्याच्या पोराले देईल. माह्यासारख्या कुणब्याले तुमच्या तांड्यातून पोरगी कोण देते?

नाही भेटलं, तर तू वाट पाहशील, अन् दर बाजाराले माह्याजवळ येऊन इचारशील. म्हणून हे चुलीत टाकून राह्यलो.

उद्या बाजार आहे.

तुहाच,
जानराव