भर उन्हातली मालिनी

नागरा,
२५ जानेवारी २००७

प्रिय दुर्गेश,

तू आईला फोनवर म्हणालास की बाबांशी मला बोलायचंच नाही. बरं झालं. समोर माणूस दिसत नसला की मलाही बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, उद्या झेंडावंदन आहे आणि अकरा पोरांच्या चड्ड्यांना अजून काजं करायची आहेत. तरी मशीन बंद केली. पोरं सेफ्टी पिन लावून सलामी देतील, काही बिघडत नाही.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. डिसेंबरात तू म्हणालास, "बाबा, या वर्षी नाटक नको. कोहमाऱ्याच्या भैयाजींची मंडळी संक्रांतीला घर पाहायला येताहेत, सोयरीक चांगली आहे, मुलगी शिकलेली आहे." मी म्हणालो, "बरं." ते खोटं होतं. बरं म्हणालो तेव्हा नाटकात नेसायच्या लुगड्याला फॉल लावून झाला होता. तुझं हे लग्न माझ्या नाटकापायी अडलंय, हे मला ठाऊक आहे. कसं अडलं ते मात्र तुला अर्धंच ठाऊक आहे. कुणीतरी तुला मोबाइलवर दीड मिनिटाचं हलतं चित्र पाठवलं आणि तू पुण्यात बसून निकाल लावलास. नाटक पाच तासांचं होतं रे.

आपल्या नाटक मंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून ‘संगीत सत्त्वमालिनी’ पुन्हा उभं करायचं ठरलं. नागपूरची नटीही ठरली होती. तिनं पदं ऐकली आणि म्हणाली, गाणी कॅसेटवर लावा, मी ओठ हलवते. बिसराम पेटीवर होता. त्यानं पेटी बंद केली, कडी लावली आणि सरळ माझ्या दुकानात आला. म्हणाला, "केशोराव, मालिनीची पदं तुले पाठ हायेत का गा अजून?" तेवीस वर्षं मी ती भूमिका केली. बायका स्टेजवर येत नसत तेव्हा केली, येऊ लागल्या तरी आपल्या गावानं दुसरी मालिनी चालवून घेतली नाही.  मी हातातली पँट बाजूला ठेवली आणि पहिलं पद म्हटलं. समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून दाराशी आली. झालं, ठरलं.

आता गंमत ऐक. पूर्वी नाटक पहाट होईपर्यंत चालायचं. आता भोंग्याला रात्री दहापर्यंतचीच परवानगी, म्हणून मंडळानं पडदा दुपारी चारला उघडायचं ठरवलं. माझ्या साऱ्या आयुष्यात मी मालिनी दिव्यांच्या उजेडात केली. दिव्यांचा उजेड भला माणूस असतो, पुष्कळ काही पोटात घालतो. जानेवारीतलं चारचं ऊन तसं नाही. ते सरळ तोंडावर येतं. साठ वर्षांचा माणूस, कितीही गुळगुळीत दाढी केली तरी गाल हिरवे दिसतात, गळ्याची कातडी लोंबते, आणि चोळीतून दिसणारे दंड मशीन चालवणाऱ्या शिंप्याचे. हे सगळं मला आरशात दिसत होतं. तरी गेलो.

त्याआधी, संक्रांतीच्या त्याच दुपारी, भैयाजींची मंडळी आपल्याकडे जेवली. आईनं वडे केले होते. भैयाजी चार ट्रकांचे मालक, पण जेवताना बोलायला बरे वाटले. त्यांच्या आई देवकाबाई, ऐंशीच्या, पण कान शाबूत. आणि मुलगी दुर्गेश्वरी. दुर्गेश आणि दुर्गेश्वरी, पत्रिका छापणाऱ्यालाही हसू येईल. सुपारी खाऊन झाली आणि तीन वाजता मी उठलो. पाहुण्यांना म्हणालो, जरा काम आहे, तुम्ही आराम करा. आई खाली मान घालून ताटं गोळा करत होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती ती. मग अख्खा गाव नाटकाला निघाला, तेव्हा पाहुण्यांना घरी कसं ठेवणार? मंडळाच्या अध्यक्षांनी, पाटलांनी, त्यांना मानानं नेलं आणि आपल्या शेजारी पहिल्या ओळीत बसवलं.

मी आलो आणि लोक हसले. तुझं दीड मिनिट ते हेच. मंडपाबाहेर चिंचेवर पोरं चढली होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या. गोंदियाहून आलेल्या टोळक्यातला एक ओरडला, "अरे मामी, दाढ़ी तो बना के आती!" त्यावर बायकांची बाजूही हसली. हात वर करून मोबाइल निघाले. भैयाजींनी मला कधी ओळखलं ते मी पाहिलं नाही, कारण पहिल्या ओळीकडे बघायची छाती झाली नाही.  विंगेत परत जावं असं वाटलं. बिसरामनं मात्र सूर धरून ठेवला होता, सोडलाच नाही. तेवढ्यात तुझी आई तिसऱ्या ओळीतून उठली. पदर खोचला, मागं वळली आणि पोरांना म्हणाली, "हसून झालं असन तं गाणं आयका. नसन आयकाचं तं वाट मोकळी हाये." आणि खाली बसली. पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझं एकदाही तोंडावर कौतुक केलं नाही. त्या दिवशी मला आणखी काही नको होतं.

पहिलं पद बरं झालं. जुनी चार-पाच म्हातारी माणसं "वन्समोअर" म्हणाली, बाकीचे शेंगा फोडत राहिले. दुसऱ्या अंकात मालिनी भरल्या दरबारात नवऱ्याला सोडून निघते, ते मोठं पद आलं. ‘त्यागुनि जाते राजमंदिरा, मान न सोडिन मी’. धृपद म्हटलं, पहिला अंतरा म्हटला, आणि दुसरा अंतरा पार गेला. डोकं कोरं. विंगेत प्रॉम्प्टर पानं उलटतोय, त्याचा चष्मा घामानं घसरतोय, बिसराम तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय. चिंचेवरून कुणीतरी म्हणालं, "मामी, घर जाओ." आणि तेव्हा बायकांच्या बाजूनं गाणं सुरू झालं.

आधी एकच आवाज होता, मग दहा, मग पन्नास. पण शब्द माझे नव्हते. ‘टाकून जातो पाटलाची बांधी, मान नाही सोडत मी’. ऐकतोयस ना? चाल तीच, सुराचा फरक नाही, पण राजमंदिराची धानाची बांधी झाली होती. आमची मालिनी या बायकांनी तरुणपणी पाहिली आणि पद रोवणीला घेऊन गेल्या. चिखलात वाकून, रोप लावता लावता, दोन पिढ्या त्यांनी ते म्हटलं आणि राजाच्या जागी पाटील बसवला. पुढच्या अंतऱ्यात पाटील मजुरीला रडतो, पाटलीण कण्या वाढते, असं पुष्कळ काही आहे. पहिल्या ओळीत बसलेले आपले पाटील टोपी सारखी करत होते. मी काय केलं असतं? मी त्यांचेच शब्द उचलले. डोक्यावर मुकुट, अंगावर जरीचं लुगडं, आणि राणी पाटलाची बांधी सोडून चालली.

आणि चिंच गप्प झाली रे. त्या पोरांनी नाटक कधी पाहिलं नव्हतं, पण हे गाणं त्यांना ठाऊक होतं. बांधावर झोळीत निजले असताना आयांच्या तोंडून ऐकलेलं होतं. शिट्ट्या मारणाराच तोंडातल्या तोंडात म्हणत होता, मी पाहिलं त्याला. तीनदा वन्समोअर झाला. तिसऱ्यांदा मी नुसता उभा राहिलो, लोकच गात होते. गोंदियाचे एक संगीतविशारद मात्र उठून गेले. जाताना म्हणाले, अभिजात पदाची विटंबना केली. त्यांना तसं वाटलं असेल. मला विचारशील तर तेवीस वर्षांत ते पद इतकं चांगलं एकदाही झालं नव्हतं.

आपल्या गावची रीत तुला आठवत असेल किंवा तू ती विसरला असशील. नाटक संपलं की बायका मालिनीची ओटी भरतात. आत पुरुष आहे हे माहीत असून भरतात. यंदा तर संक्रांत, हळदीकुंकू आणि तिळगूळ घेऊन रांग लागली. रांगेत सर्वांत पुढं देवकाबाई. नातीचा हात धरून त्या पायऱ्या चढल्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिल्या. त्या आपल्या गावच्या लेक, हे तोवर मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी माहेरपणाला आल्या असताना त्यांनी ओटी भरली होती, ती एका बाईची, असंच आजवर धरून चालल्या होत्या. मला म्हणाल्या, "मी तुले नागपूरची समजत होतो वो. मी तं धाकल्या लेकीचं नाव मालिनी ठेवलं." मग खण आणि तांदूळ माझ्या पदरात घातले आणि रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई नसन तं नसन. रडवलं तं खरंच ना!" तोवर भैयाजी जीपमध्ये जाऊन बसले होते. हॉर्न वाजवत होते.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. केशोरावांनी पुन्हा लुगडं नेसणार नाही असा शब्द चार माणसांत दिला तरच तारीख काढू. मी शब्द दिला नाही. मग तुझे फोन सुरू झाले. आईला म्हणालास, ऑफिसात लोक ते चित्र पाहून हसले, तुला मान वर करता आली नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. बापाला वाईट वाटतंच. पण कपडे शिवून, घाम गाळून, रीतसर गाणं म्हणून मी कुणाला मान खाली घालायला लावली, हे मला अजून समजलेलं नाही.

आता यातलं एक तुला ठाऊक नाही. या सोमवारी दुपारी दुर्गेश्वरी आजीला घेऊन दुकानात आली. बापाला सांगितलं होतं, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. काउंटरवर हिरवा खण ठेवला आणि म्हणाली, "काका, लग्नाचं पोलकं तुम्हीच शिवायचं. तुमच्या मालिनीसारखी बाही पाहिजे." मी म्हणालो, अगं, लग्न ठरलंय कुठं? तर ती म्हणते, "माझ्या बापाचं मी पाहून घेईन, तुम्ही त्याईले काही बोलू नोका. तुमच्या पोराले तेवढं विचारा, त्याले कायले लाज वाटून रायली?" तुझ्या आईनं टेप काढली आणि तिचं माप घेतलं. मी वहीत लिहिलं. अशी मुलगी मी तुझ्यासाठी शोधून आणली असती तर तू म्हणाला असतास, बाबांनी नाटकातून उचलली.

आणि मग काल कुरियर आलं. मला वाटलं भैयाजींनीच पाठवलं असेल. ‘मी, केशोराव, रा. नागरा, लिहून देतो की यापुढे स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर जाणार नाही.’ चांगल्या जाड कागदावर टाइप केलेलं, आणि सही जिथं करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली. पाकीट उलटून पाहिलं तर तुझ्या ऑफिसचं. भैयाजींनी शब्द तोंडी मागितला होता. कागद तू केलास. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि तो कागद सही न करता सोबत परत पाठवतोय. एकच गोष्ट आजवर तुला सांगितली नव्हती, ती आता सांगतो. तू पाचवीत होतास तेव्हा शाळेतल्या पोरांनी भिंतीवर लुगड्यातला माणूस काढून खाली तुझं नाव लिहिलं, आणि तू घरी येऊन माझं खोट्या केसांचं गंगावन विहिरीत टाकलंस. मी ते बादलीनं वर काढलं, वाळवलं, आणि गावात सांगितलं की माझा घसा बसला, आता गाणं होत नाही. माझा घसा कधीच बसला नव्हता, दुर्गेश. एकोणीस वर्षं मी गप्प राहिलो, कारण ते पोर दहा वर्षांचं होतं आणि त्याचं दुखणं खरं होतं. तू एकोणतीसचा आहेस. तुझ्या लग्नात मी धोतर नेसून, फेटा बांधून व्याह्यांची गळाभेट घेईन, आणि ११ फेब्रुवारीला कोहमाऱ्यात, भैयाजींच्या गावात, त्यांच्या आईनं आग्रह धरून ठरवलेल्या प्रयोगात लुगडं नेसून उभा राहीन. तुझी आई भीत नाही, ऐंशीची देवकाबाई भीत नाही, ती मुलगी तर मुळीच भीत नाही. भ्यायला आता दोघंच उरलात, भैयाजी आणि तू. त्यांचं मी समजू शकतो, ते परके आहेत. तू माझा मुलगा आहेस.

तुझाच, घसा शाबूत असलेला,
बाबा